‘सिस्टर, बेड आहे का?’ : वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न पाठ होतो : ‘सिस्टर, बेड आहे का?’ कॅज्युअल्टीचा (तातडीच्या विभागाचा) फोन, ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) फोन, आयसीयूचा फोन, मधूनच कुणा साहेबांच्या माणसाचा फोन. नवीन मुलगी वॉर्डभर नजर फिरवते, एक गादी मोकळी दिसते आणि ‘हो, आहे’ म्हणून फोन ठेवते. पुढच्या अर्ध्या तासात पेशंट दारात येतो, तेव्हा कळतं की त्या बेडचा पेशंट एक्स-रेला गेलाय, किंवा त्या बेडचं ऑक्सिजनचं पॉइंट बंद आहे, किंवा गादी अजून ओली आहे.

कॉलेजात चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते शिकवतात. परीक्षेला ओपन बेड, क्लोज्ड बेड, पोस्ट-ऑपरेटिव्ह बेड येतात. बत्तीस पेशंट आणि तीस बेड असले की काय करायचं, हे मात्र वॉर्डातच शिकावं लागतं, आणि बहुतेक जण ते धक्के खात शिकतात. इतकी वर्षं वॉर्ड पाहून माझं मत असं झालंय की पेशंट एका बेडवर पडून असतो तोवर तो बऱ्यापैकी सुरक्षित असतो. बेड बदलतो, वॉर्ड बदलतो, ड्युटी बदलते, तेव्हा घात होतो. पुढचं सगळं त्या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी वॉर्ड पायाखालून घाला

पहिल्या ड्युटीला पंधरा मिनिटं लवकर या आणि रिकाम्या हाताने वॉर्डभर एक फेरी मारा. मंजूर बेड किती आणि प्रत्यक्षात मांडलेले किती, हे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही लिहून घ्या. कोणत्या बेडला ऑक्सिजनचं पॉइंट आहे, त्यातलं कोणतं खरोखर चालू आहे, सक्शन (घशातला स्राव ओढून काढायचं यंत्र) कुठे चालतं, कोणत्या फाउलर बेडचा (डोक्याची बाजू वर होणाऱ्या बेडचा) हँडल फिरतो आणि कोणत्याचा नुसता शोभेला आहे, कुठल्या बेडची चाकं लॉक होत नाहीत, हे कुठल्याही रजिस्टरात लिहिलेलं नसतं. ते मावशींना आणि मामांना, म्हणजे आयांना आणि वॉर्डबॉयना, माहीत असतं. त्यांना विचारा, तेवढं विचारल्याने मान कमी होत नाही.

फेरीत आणखी तीन गोष्टी बघा. इमर्जन्सी ट्रॉली कुठे असते आणि ती शेवटच्या बेडपर्यंत न अडखळता जाते का? दोन बेडमध्ये निदान १ मीटर अंतर ठेवावं असं सांगतात. गर्दीच्या वॉर्डात ते नेहमी जमत नाही, पण ट्रॉली आणि एक माणूस आत शिरू शकत नसेल तर त्या पेशंटला सीपीआर देता येणार नाही, हे लक्षात ठेवून बेड सरकवा. दुसरं, वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो बंद करायचा निर्णय कुणाचा? तिसरं, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा. जादा बेडला जागा हवी म्हटलं की सगळ्यांची नजर त्या दारासमोरच्या मोकळ्या जागेवर जाते. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू पेटला. त्यानंतर ऑडिट झाली, आग विझवायची नवी नळकांडी आली. तुमच्या हातात जे आहे ते एवढंच की त्या दारासमोर बेड, मोडकी व्हीलचेअर किंवा लिननचं गाठोडं ठेवू द्यायचं नाही. कुणी वरिष्ठांनी ठेवलं तर नम्रपणे, पण लगेच सांगायचं.

रिकामा बेड आणि तयार बेड

पेशंट उठून गेला की बेड रिकामा होतो. तयार व्हायला त्याला अजून वेळ लागतो, आणि घाईच्या दिवशी नेमका हाच वेळ खाल्ला जातो. क्रम असा ठेवा.

आधी बेडवरचं सगळं उचला. लॉकरचा खण आणि उशीखालची जागा बघा. राहिलेल्या गोळ्या, कवळी, चष्मा, आधार कार्ड, कधी मंगळसूत्रही सापडतं. गोळ्या सापडल्या तर त्या पुढच्या पेशंटच्या हाती लागता कामा नयेत. मग चादर, ड्रॉ शीट (मधली आडवी चादर), मॅकिंटॉश (तिच्याखालचं रबरी कापड) काढा. कपडे झटकू नका, आतल्या बाजूला गुंडाळत न्या. गादीचं रेक्झिन दोन्ही बाजूंनी पुसायचं असतं. उलटी बाजू सगळे विसरतात. रेक्झिन फाटलेलं असेल तर आतल्या कापसात किंवा फोममध्ये काय काय मुरलंय ते कुठलंही औषध बाहेर काढत नाही. अशी गादी बदलायची मागणी लिहून द्या, आणि तोवर तिच्यावर निदान उघडी जखम असलेला पेशंट झोपवू नका.

रक्त किंवा शरीरातले स्राव सांडले असतील तर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट. कॅनवर किती टक्के लिहिलंय ते वाचून पाणी घाला : ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी, १० टक्क्यांचं असेल तर एकास नऊ. दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा, नाहीतर लोखंडी बेड महिन्याभरात गंजतो. पुसताना रेलिंग, हँडल, सलाइन स्टँड, लॉकरचा वरचा भाग, बेल असेल तर बेल. म्हणजे जिथे जिथे हात लागतो ती प्रत्येक जागा. फरशी चकचकीत आणि रेलिंग चिकट, असा बेड मी तयार मानत नाही.

शेवटी चार गोष्टी हाताने तपासा. चाकं लॉक करून बेड ढकलून बघा. डोक्याची बाजू वर-खाली करून बघा आणि हँडल आत दुमडा. बाहेर आलेल्या हँडलवर नडगी आपटून पडणाऱ्यांत नातेवाईक जास्त असतात. ऑक्सिजन सुरू करून बुडबुडे येतात का ते बघा. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या, बाटलीत जुन्या पेशंटचं शिळं पाणी नको, स्वच्छ बाटलीत निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणी हवं. सक्शन लागणाऱ्या पेशंटसाठी सक्शनही चालवून बघा. एवढं झालं की मग फोनवर ‘आहे’ म्हणा. तोवर उत्तर एकच : ‘वीस मिनिटांत देते.’ कॅज्युअल्टीवाले चिडतील, चिडू द्या.

कुणाला कुठे

येईल त्याला मिळेल तो बेड, ही पद्धत सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत धोक्याची. नर्सिंग टेबलवरून मान वर केली की दिसतील असे चार-पाच बेड प्रत्येक वॉर्डात असतात. ते तुमचं भांडवल. तिथे शुद्ध हरपलेला, भ्रमिष्ट बोलणारा, झटके येणारा, ताजं ऑपरेशन झालेला पेशंट हवा. तिथे ‘ओळखीचा’ पेशंट झोपलेला दिसला तर इनचार्ज सिस्टरशी बोला.

आपल्याकडच्या मेडिसिन वॉर्डातली दोन उदाहरणं सांगते, कारण पुस्तकात बेडच्या अंगाने ती येत नाहीत. पहिलं, कीटकनाशक प्यालेला पेशंट. ऑर्गॅनोफॉस्फरसच्या विषबाधेत पहिल्या दिवशी लाळ, घाम, बारीक बाहुल्या, उताऱ्याचं ॲट्रोपिन अशी सगळी धावपळ असते. दुसऱ्या दिवशी पेशंट बोलायला लागतो, चहा मागतो. तेवढ्यात नवीन सीरियस पेशंट येतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘हा आता बरा आहे, टोकाच्या बेडला न्या.’ पण साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान अशा पेशंटच्या मानेचे, मग श्वासाचे स्नायू दगा देऊ शकतात. म्हणून प्रत्येक फेरीला त्याला उशीवरून मान उचलायला सांगा. मान उचलता येत नसेल तर डॉक्टरांना त्याच मिनिटाला बोलवा. चार दिवस त्याला नजरेसमोरून हलवू नका. विष जाणूनबुजून घेतलं असेल तर खिडकीजवळचा, गॅलरीजवळचा बेडही नको, आणि तो एकटा संडासला जाणार नाही याची व्यवस्था करा.

दुसरं, सर्पदंश, विशेषतः मण्यार. जखम दिसत नाही, सूज नाही, पेशंट पोट दुखतं एवढंच सांगतो आणि अगदी ठीक वाटतो. काही तासांत पापण्या जड होतात. सर्पदंशाचा पेशंट, मग तो कितीही धडधाकट दिसो, निदान २४ तास टेबलासमोर.

बाकीचं पटकन. जुलाबाचा पेशंट संडासाजवळ. दोन आठवड्यांवर खोकला असलेला, टीबीचा संशय असलेला पेशंट उघड्या खिडकीशी, तोंडावर मास्क, आणि पंख्याचा झोत त्याच्यावरून दुसऱ्यांकडे जाणार नाही असा. मधुमेहाचे, एचआयव्हीचे, केमोचे पेशंट त्याच्यापासून दूर. पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटला ताप असेपर्यंत मच्छरदाणी हवी, वेगळी खोली नको. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) पेशंटही शेजाऱ्याला काही लावत नाही, त्याला कोपऱ्यात टाकू नका. गोवर आणि कांजिण्या मात्र हवेतून पसरतात, त्यांना वेगळंच ठेवायला हवं.

नंबरने हाक मारू नका

‘बारा नंबरचं इंजेक्शन झालं का?’ हे वाक्य तुम्ही दिवसातून पन्नासदा ऐकाल आणि आठवड्याभरात तुमच्याही तोंडी बसेल. बोलण्यापुरतं ठीक. औषध, रक्त, तपासणी, ऑपरेशन, जेवणाचा डाएट यांतल्या कशासाठीही बेड नंबर ही पेशंटची ओळख नाही, कारण बेड बदलतो. दुपारी बारा नंबरवरच्या बाईंना सात नंबरवर नेलं, बारावर नवीन बाई आल्या, आणि संध्याकाळच्या यादीत बारा तसाच राहिला. इन्सुलिन कुणाला गेलं असेल?

ओळख दोन गोष्टींनी पटवायची : पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर, म्हणजे भरतीचा नंबर. मनगटाला पट्टी असेल तर ती वाचायची, नसेल तर केसपेपर हातात घेऊन उभं राहायचं. आणि ‘तुम्ही पाटील ना?’ असं कधीही विचारू नका. तापाने गुंगलेला माणूस, कमी ऐकू येणाऱ्या आजी, दोघंही मान डोलावतात. ‘पूर्ण नाव सांगा,’ असं म्हणा आणि गप्प राहा.

बायकांच्या वॉर्डात यात आणखी एक गुंता असतो. केसपेपरवर सासरचं नाव, आधारवर माहेरचं, लग्नात बदललेलं नाव तिसरंच, आणि घरचे हाक मारतात ते चौथं. भरतीच्या वेळी आधार कार्डावरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव ताडून बघा. वेगळं असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. पुढे सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीला आणि रक्तपेढीला तेच आडवं येतं. एकाच नावाचे दोन पेशंट असतील तर त्यांना शेजारी ठेवू नका, आणि दोघांच्या केसपेपरवर लाल पेनाने ‘नावसाधर्म्य’ असं ठळक लिहा.

हलवताना

इथे जरा थांबून वाचा.

पेशंट हलवण्याआधी स्वतःला विचारा : आत्ताच हलवायला हवं का? रक्त नुकतंच लावलंय? पहिली पंधरा मिनिटं तुम्ही शेजारी उभं राहायचं असतं, तेव्हा स्ट्रेचर नको. रक्ताची पिशवी रक्तपेढीतून निघाल्यावर अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांत संपवायची; त्यामुळे पेशंट सोनोग्राफीला निघाला असताना रक्त मागवून ठेवू नका. बीपी पडतंय, धाप वाढलीय, तर फक्त आयसीयूच्या दिशेने हलवा, बेड मोकळा करायला नव्हे.

मग ज्या वॉर्डात पाठवताय तिथे फोन करून बोला. ‘पाठवते’ एवढं पुरत नाही. पेशंट कोण, कशासाठी दाखल, आतापर्यंत काय झालं, आत्ता कसा आहे आणि तुम्ही तिथे गेल्या गेल्या काय करायला हवं, या क्रमाने सांगा. फोन घेणाऱ्या सिस्टरचं नाव लिहून ठेवा.

ऑक्सिजनचा हिशेब करा. हा हिशेब करताना मी फार कमी जणांना पाहिलंय. वॉर्डात नेण्या-आणण्याचा छोटा सिलिंडर, म्हणजे बी टाइप, भरलेला असताना साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन देतो. मोठा जम्बो डी टाइप ७,००० लिटर. गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर बी टाइपमध्ये ७५० लिटर उरले. पेशंट मिनिटाला १० लिटरवर असेल तर ७५ मिनिटं. त्यातली पाव वेळ वजा करा, कारण काटा आणि गळती दोन्ही बेभरवशाची. राहिला पाऊण तास आणि वर थोडा. सीटी स्कॅनला जायला दहा मिनिटं लागतात हे खरं, पण तिथे आधीचा पेशंट टेबलावर असतो आणि लिफ्ट मामांच्या मर्जीने येते. जितका वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट वेळ पुरेल एवढा ऑक्सिजन नसेल तर सिलिंडर बदला. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांद्याला पांढरा असतो. रंग बघा, चिठ्ठीही वाचा. आणि उघडायचा पाना सिलिंडरलाच सुतळीने बांधून ठेवा. तो हरवला की भरलेला सिलिंडरही रिकाम्यासारखाच.

ऑक्सिजन ही रुग्णालयात गृहीत धरायची गोष्ट नाही, हे महाराष्ट्राने २१ एप्रिल २०२१ ला पाहिलं. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि २२ रुग्ण दगावले. वॉर्डातलं पॉइंट अचानक बंद पडलं तर पहिला जम्बो कुठे आहे आणि कुणाला आधी लावायचा, हे ड्युटीच्या सुरुवातीलाच ठरलेलं असावं.

नळ्यांकडे वळू. प्रत्येक नळी पेशंटच्या अंगापासून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने तपासा. सलाइन कुठली, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) कुठली, हे नजरेने ठरवू नका. लघवीची पिशवी उचलण्याआधी रिकामी करा. ती पेशंटच्या पोटावर ठेवून नेतात, ते चूक आहे; लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. छातीत नळी असलेल्या पेशंटची बाटली छातीच्या खाली आणि उभी हवी, आणि नेताना नळीला चिमटा लावायचा नाही. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं असेल तरच लावा, आणि तसं लिहून घ्या.

स्ट्रेचर बेडला लावला की दोन्हींची चाकं लॉक. मधल्या फटीत पेशंट पडल्याच्या घटना होतात, कारण एकाची चाकं लॉक असतात आणि दुसऱ्याची नसतात. चादरीने उचलायला निदान चार जण. डोक्याकडचा माणूस ‘एक, दोन, तीन’ म्हणेल, बाकीच्यांनी बोलायचं नाही. नेताना पेशंटचे पाय पुढे, तुम्ही डोक्याशी, म्हणजे चेहरा दिसतो. नातेवाइकांना स्ट्रेचर ढकलायला लावून स्वतः फाइल घेऊन मागून चालणं बंद करा. मनुष्यबळ नाही हे मला माहीत आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे, आणि तुमच्या रात्रीच्या ड्युटीला प्रमाण काय असतं ते तुम्हीच मोजा. तरीसुद्धा ऑक्सिजनवरच्या पेशंटबरोबर सिस्टर किंवा डॉक्टर हवाच. तेवढा आग्रह धरा.

पोचल्यावर तिथल्या सिस्टरसोबत, बेडपाशी उभं राहून ओव्हर द्या, म्हणजे पेशंटची सगळी माहिती सोपवा. टेबलावर फाइल ठेवून परत फिरणं म्हणजे ओव्हर नव्हे. आणि आपल्या वॉर्डात परतल्यावर पहिलं काम : औषधांच्या यादीतून, डाएटच्या यादीतून, फळ्यावरून त्या पेशंटचं नाव काढा, नाहीतर नवीन पेशंटला जुन्याचा डाएट येतो.

बेडवर असताना

पडण्याचा धोका मोजायला मोर्स स्केल वापरतात. त्यात आधी पडल्याचा इतिहास असेल तर २५ गुण, सलाइन चालू असेल तर २०, आणि भिंत किंवा बेड-लॉकर धरत धरत चालत असेल तर सगळ्यांत जास्त, ३०. बेरीज ४५ च्या वर गेली की धोका मोठा. आपल्या वॉर्डातली अर्धी आजी-आजोबा मंडळी भिंत धरूनच चालतात, तेव्हा निकाल काय येणार ते उघड आहे. हा तक्ता भरून फाइलला लावण्यात फायदा नाही. त्यावरून बेड ठरवा. जास्त गुणांचा पेशंट संडासाच्या वाटेवर, दिव्याखाली.

रेलिंग वर केलं की झालं, असं समजू नका. शुद्धीत नसलेला, उठायची धडपड करणारा पेशंट रेलिंगवरून चढतो आणि आणखी उंचावरून पडतो. त्याला सोबत हवी, नजर हवी. पहाटे चार ते सहा ही सगळ्यांत वाईट वेळ : पेशंटला लघवीला जायचं असतं, सोबतची मुलगी बेडखाली चटईवर गाढ झोपलेली असते, आणि तो तिची झोप मोडायला नको म्हणून एकटाच उठतो. म्हणून तीनच्या सुमारास फेरी मारा आणि युरिन पॉट स्वतः द्या. लॅसिक्ससारखं लघवी वाढवणारं औषध दिवसातून दोनदा असेल तर दुसरा डोस रात्रीऐवजी दुपारी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. त्यांना बऱ्याचदा ते सुचलेलं नसतं.

पेशंट पडलाच तर लगेच उचलू नका. शुद्ध, बाहुल्या, बीपी, हातपाय हलतात का, मान दुखते का, हे जमिनीवरच बघा, डॉक्टरांना बोलवा, मग हलवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. घटनेची नोंद करा. नोंद म्हणजे कबुलीजबाब आहे असं समजून ती टाळली जाते, आणि मग त्याच ओल्या फरशीवर पुढच्या महिन्यात दुसरा पेशंट पडतो.

बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, यांचा धोका मोजायला ब्रेडन स्केल, ६ ते २३ गुण, १८ किंवा त्याखाली धोका. दर दोन तासांनी कूस बदला आणि वेळ लिहा. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कल पुरतो. टाचा उशीवर टेकवू नका, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. दोन गोष्टी जुन्या सिस्टर अजून सांगतात त्या सोडून द्या : लाल झालेल्या जागेला मालिश करायचं नाही, आणि मधे भोक असलेली हवेची रिंग बसायला द्यायची नाही. दोन्हींनी नुकसानच होतं. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने बघा : ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का.

बेड खरोखरच नसेल तेव्हा

सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा एक निकाल प्रत्येक नव्या सिस्टरला माहीत असावा. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी बेड नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी त्याला खासगीत उपचार घ्यावे लागले. कोर्टाने म्हटलं की तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, आणि सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. याचा तुमच्यापुरता अर्थ असा : बेड नसला तरी पेशंटला हात लावायचा, श्वास, रक्तस्राव, बीपी सावरायचं, डॉक्टरांना बोलवायचं. दुसरीकडे पाठवायचं की नाही, हा नंतरचा आणि डॉक्टरांचा निर्णय. पाठवायचं ठरलं तर तिकडे बेड आहे हे फोनवर पक्कं करून, चिठ्ठी देऊन, १०८ रुग्णवाहिका बोलावून. ‘सिव्हिलला जा’ असं तोंडी सांगून रिक्षात बसवून देणं याला रेफर म्हणत नाहीत.

वॉर्डात घेतलं आणि बेड नाही, म्हणजे फ्लोअर बेड. त्याची लाज वाटते, वाटायलाच हवी, पण तो आहे तोवर सुरक्षित तरी असू द्या. त्याला नंबर द्या : फ्लोअर १, फ्लोअर २. नंबर नसलेला पेशंट औषधाच्या फेरीत हमखास सुटतो, कारण ट्रॉली बेडच्या रांगेने जाते. गादी दारात नको, दुसऱ्या बेडच्या खाली नको, पाणी येतं तिथे नको. ताजं ऑपरेशन झालेला, ऑक्सिजनवरचा, झटके येणारा पेशंट खाली नको. त्याच्यासाठी वरच्या एखाद्या बऱ्या झालेल्या पेशंटला विनंती करा. लोक समजूतदार असतात, नीट सांगितलं तर स्वतःहून उतरतात. पण उतरवलेल्या माणसाचं नाव-नंबर तेव्हाच सगळ्या याद्यांमध्ये बदला.

डिस्चार्ज आदल्या दिवशीच सुरू होतो

सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘घरी सोडा’ म्हणतात आणि बेड संध्याकाळी पाचला मोकळा होतो. मधला वेळ डिस्चार्ज कार्डात, शेवटच्या रिपोर्टात, योजनेच्या कागदपत्रांत आणि नातेवाइकांची वाट बघण्यात जातो. म्हणून आदल्या दिवशीच्या राउंडला विचारा, ‘सर, उद्या कोण जाऊ शकेल?’ त्यांच्या घरच्यांना तेव्हाच सांगा, म्हणजे ते सकाळच्या एसटीने येतील. संध्याकाळी सातला खेड्यातल्या आजोबांना हातात कार्ड देण्यात अर्थ नाही. शेवटची गाडी गेलेली असते आणि ते रात्रभर व्हरांड्यात बसतात.

जाताना हाताची सुई काढलीय का, स्वतः बघा. सुईसकट घरी गेलेले पेशंट चार दिवसांनी सुजलेला हात घेऊन परत येतात. गोळ्या हातात देऊन त्यांच्याकडून वदवून घ्या की कोणती कधी. कोणत्या लक्षणाला लगेच परत यायचं ते सांगा. दुपारी बाराच्या आत तीन बेड मोकळे झाले तर त्या दिवशीची कॅज्युअल्टी निभावते, हे तुम्हाला महिन्याभरात कळेल.

रात्री बाराचा हिशेब

रात्रीच्या ड्युटीला सेन्ससची, म्हणजे वॉर्डातल्या पेशंटच्या संख्येची, बेरीज करावी लागते. कालचे पेशंट, अधिक नवीन भरती, अधिक दुसऱ्या वॉर्डातून आलेले, वजा डिस्चार्ज, वजा दुसरीकडे गेलेले, वजा मृत्यू. समजा ३४ + ८ + ३ – ९ – २ – १ = ३३. मंजूर बेड ३० असतील तर तिघं जमिनीवर आहेत. महिन्याचा हिशेबही असाच : रोजच्या पेशंटची महिन्याची बेरीज ९९०, आणि ३० बेड गुणिले ३० दिवस म्हणजे ९००, तर बेड भरण्याचं प्रमाण ११० टक्के. हा आकडा वर जातो, त्यावरून नवी पदं आणि नवे बेड मागता येतात; म्हणून फ्लोअरवरचे पेशंट लपवून आकडा ‘नीट’ करू नका.

बेरीज कागदावर झाली की टॉर्च घेऊन माणसं मोजा. चादरीखाली उशी आहे की माणूस, ते बघा. सोबतचा नातेवाईक पेशंटच्या बेडवर झोपलेला नाही ना, तेही बघा. एक माणूस कमी भरला तर आधी संडास, मग व्हरांडा, मग जिना, मग सोबतच्या नातेवाइकाला फोन. सापडला नाही तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना आणि सुरक्षारक्षकाला लगेच कळवा. एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी) केस असेल किंवा विष घेतलेला पेशंट असेल तर पोलीस चौकीलाही त्याच वेळी. कळवल्याची वेळ, कुणाला कळवलं त्याचं नाव आणि पेशंटला शेवटचं कुणी, कधी पाहिलं, हे केसपेपरवर लिहा. आणि तो बेड सकाळपर्यंत कुणालाही देऊ नका.